शेकाट्या आणि शिंपी: खाडीकाठच्या फेरीत हमखास विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी शेजारपाजारच्या मंडळींना घेऊन मी नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकाठी पक्षी बघायला जातो. दुर्बीण एक, प्रश्न पन्नास. त्यातले निम्मे दोनच पक्ष्यांभोवती फिरतात. एक चिखलात गुलाबी-तांबड्या काठ्यांवर चालणारा शेकाट्या आणि दुसरा सोसायटीच्या जास्वंदीत बसून सकाळी सहापासून कान किटवणारा शिंपी. तीच उत्तरं दर आठवड्याला देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावीत म्हणून हा खटाटोप.

एक खाडीतला, एक कुंडीतला. यांची तुलना करायचं कारणच काय?

कारण आमच्या मजल्यावरच्या काकूंनी ती केली. शेकाट्या बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढा उंचापुरा, पण अंडी घालतो उघड्या मातीत. आणि आमच्या बाल्कनीतला तो चिमुरडा बघा, पानं शिवून घर करतो. हे कसं काय?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येऊन चहा घेताना विचार करत बसलो, तेव्हा दिसलं की पाय, आवाज, अंडी, पिल्लं यातलं काहीही उचललं तरी गाडी शेवटी काकूंच्या प्रश्नापाशीच येऊन थांबते. उघड्यावर राहणाऱ्याचा संसार वेगळा आणि पानाआड राहणाऱ्याचा वेगळा.

दोघांना ओळखायचं कसं?

शेकाट्याला ओळखायला काही शिकावं लागत नाही. पांढरं अंग, काळे पंख, सरळ बारीक काळी चोच आणि उंचीचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या पायांचा. उडताना हे पाय शेपटीच्या बरेच मागे लोंबतात, पतंगाला काडी बांधल्यासारखे. नराची पाठ चकचकीत काळी असते, मादीची तपकिरीकडे झुकलेली.

शिंपी दिसण्याआधी ऐकू येतो. पाठ शेवाळी हिरवी, पोट मळकट पांढरं, डोक्यावर तांबूस टोपी आणि शेपटी सतत वर उभारलेली. विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं टोकदार होऊन चांगलीच लांबतात. एरवी नर-मादी सारखेच. ओरडताना त्याच्या गळ्याच्या बाजूला काळा पट्टा उमटतो आणि तोंड मिटलं की गायब होतो. पिसांखालची काळसर कातडी ताणली जाते, म्हणून तो दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हा वेगळाच पक्षी समजून वहीत नोंद केली होती.

शिंपी आणि वटवट्या एकच का?

नाही. राखी वटवट्याची पाठ राखाडी, पोट पिवळसर-तांबूस आणि डोक्यावर टोपी नाही. गोंधळ होतो तो वटवट्याही कधीकधी पानं शिवतो म्हणून. म्हणजे शिवलेलं घरटं सापडलं की मालक शिंपीच असेल, अशी पैज लावू नका. मी एकदा वडापावाची पैज हरलो आहे.

आकारात नेमका किती फरक?

शेकाट्या चोचीपासून शेपटीपर्यंत 35 ते 40 सेंटिमीटर, शिंपी 13 सेंटिमीटरच्या आसपास. पण खरी गंमत वजनात आहे. इतका उंच दिसणारा शेकाट्या पावकिलोही भरत नाही. पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम, बस्स. शिंपी 6 ते 10 ग्रॅमचा, म्हणजे खिशातल्या एखाद-दुसऱ्या नाण्याएवढा. एका पारड्यात एक शेकाट्या ठेवला तर दुसऱ्यात वीस-पंचवीस शिंपी बसवावे लागतील. ते बसतील तर ना!

शेकाट्याचा गुडघा उलटा का वाकतो?

तो गुडघा नाहीच, घोटा आहे. पक्षी बोटांवर चालतात. आपण ज्याला तळपाय म्हणतो तो भाग त्यांच्यात उभा आणि लांब झालेला असतो. खरा गुडघा वर पोटाशी पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. शिंप्याची रचनाही हीच, फक्त त्याचे पाय काडेपेटीतल्या काडीएवढे असल्यामुळे कुणी विचारत नाही.

एवढे लांब पाय कशासाठी?

बाकीचे चिमुकले पाणपक्षी, म्हणजे चिखल्या, तुतवार वगैरे, पाण्याच्या काठाकाठाने चरतात. शेकाट्या त्यांच्या पुढे, जिथे त्यांची पोटं भिजतील अशा पाण्यात उतरतो आणि पाण्यावरचे, पाण्यातले किडे चिमट्याने उचलावेत तसे टिपतो. आपापसात भांडण नको म्हणून खाडीनेच जणू रांगा लावून दिल्यात. अंगाच्या मानाने याहून लांब पाय शोधायचे तर फ्लेमिंगोकडेच जावं लागेल.

याची किंमतही आहे. बसून उठणं हा एक सोहळा असतो. अंड्यांवर बसताना तो आधी पुढे झुकतो, मग पाय मागच्या बाजूला दुमडत दुमडत खाली येतो. लग्नाच्या पंगतीत पाटावर बसणारी गुडघेदुखीची माणसं आठवतात.

शेकाट्या झाडावर का बसत नाही? बगळे तर बसतात.

बगळ्याला मागचं बोट आहे, लांब आणि पकड घेणारं. शेकाट्याला ते मुळीच नाही. तीन बोटं, तिन्ही पुढे. चिखलात चालायला उत्तम, फांदी धरायला निरुपयोगी. शिंप्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे. तो बसला, पाय दुमडला की पायातली शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप फांदीभोवती आवळली जातात. म्हणून तो झोपेत पडत नाही. लोकल ट्रेनमध्ये वरची कडी धरून झोपणाऱ्यांना ही सोय मिळायला हवी होती.

शिंपी खरंच शिवतो, की नुसतं म्हणायचं?

खरंच शिवतो, आणि शिवण बहुतेक मादीच करते, तेव्हा खरं नाव शिंपीणबाई हवं. ती एक रुंद पान निवडते किंवा शेजारशेजारची दोन-तीन. पानाच्या कडेला चोचीने बारीक बारीक भोकं पाडते. मग कोळ्याच्या जाळ्याचा तंतू, कापूस, झाडाच्या सालीचा धागा असं काहीतरी एका भोकातून दुसऱ्यात ओढून घेते. गाठ मारत नाही. धागा भोकातून बाहेर आला की त्याचं टोक पिंजून फुगतं आणि तेच बोंड त्याला मागे सरकू देत नाही. प्रत्येक टाका असा स्वतंत्र, त्यामुळे एक उसवला तरी पुढचा टिकतो.

कडा जुळल्या की पानाचा द्रोण तयार होतो आणि आत कापसाची गादी भरली जाते. आमच्या सोसायटीत एका घरट्यात गोधडीचा निळा दोरा निघाला होता. तो कुणाच्या गोधडीचा, यावर दोन मजल्यांत आठवडाभर चर्चा चालली.

सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे पान झाडापासून तोडलेलं नसतं. ते जिवंतच राहतं, हिरवंच राहतं. भोकं इतकी बारीक असतात की पान सुकत नाही. त्यामुळे हातभर अंतरावरूनही ते घरटं वाटत नाही, जरा मुडपलेलं पान वाटतं. कावळ्याची नजर चुकवायची ही युक्ती. जास्वंद, लिंबू, परसातलं वांगं, असं काहीही त्याला चालतं.

थोडं विषयांतर करतो. शेकाट्याची चोच शिंप्याच्या चोचीपेक्षा कितीतरी अधिक सुईसारखी दिसते, सहा-सात सेंटिमीटर लांब आणि टोकदार. पण तिने त्याने आजवर एक टाकाही घातलेला नाही. हत्यार बघून कारागीर ठरवू नये, हे मला त्या दिवशी उमगलं.

मग शेकाट्याला घरटं बांधताच येत नाही?

येतं, पण त्याची गरज वेगळी आहे. पाण्याच्या काठाला किंवा मध्येच उरलेल्या उंचवट्यावर तो मातीत उथळ खळगा करतो किंवा चिखल-काड्यांचा छोटा ढीग रचतो. अंडी बहुतेक चार. मातकट रंगावर काळे ठिपके, त्यामुळे पायाखाली आली तरी कळू नयेत अशी. शिंपीण घरटं पानात लपवते, शेकाट्या अंडी रंगात लपवतो.

भारतात त्याची वीण साधारण एप्रिल ते ऑगस्ट. एप्रिल-मेमध्ये उघड्या मिठागरावर दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा. त्या मातीत अंडी उबवायची नसतात, गार ठेवायची असतात. शेकाट्या पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतो. नर-मादी दोघंही आळीपाळीने. म्हणजे घाम पुसायला ओला पंचा. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे सापडलं. शिंपीणबाईंचं कसब घर बांधण्यात खर्च होतं, शेकाट्याचं राखणीत.

पिल्लांचं काय?

इथे दोघांचे रस्ते पार वेगळे होतात.

शिंप्याची अंडी सुमारे 12 दिवसांत फुटतात. पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेले, निव्वळ चोच आणि भूक. आई-बाप दिवसभर अळ्या आणतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. इतकं असहाय्य जन्मणं परवडतं, कारण शिवलेल्या पानाचं छप्पर आहे.

शेकाट्याची अंडी फुटायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. तो जास्तीचा काळ पिल्लू आतच घडत असतं. बाहेर येतं ते अंगावर पिसांची लव घेऊन, डोळे उघडे ठेवून. दिवसभरात घरटं सोडतं, चालायला लागतं आणि स्वतःचे किडे स्वतः टिपतं. आई-बाप भरवत नाहीत, फक्त पहारा देतात आणि पंखाखाली घेतात. उडायला मात्र त्याला चार आठवडे किंवा थोडं जास्तच लागतं. उघड्या मैदानावर दोन आठवडे आंधळं पडून राहायचं म्हटलं तर कुत्री, घारी, कावळे तिसरा दिवस उजाडू देणार नाहीत.

फेरीत एक आजोबा होते. त्यांनी हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे एकाचं पोर पाळण्यातलं आणि एकाचं बिगाऱ्याचं?" याहून नेमकं मला सांगता आलेलं नाही.

शेकाट्या जवळ गेलं की अंगावर का येतो?

एप्रिल ते ऑगस्टमध्ये डोक्यावरून "किक-किक-किक" करत घिरट्या घालणारी जोडी दिसली तर तुम्ही तिच्या अंड्यांच्या किंवा पिल्लांच्या जवळ आहात. कधी तो पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत दूर जातो, तुम्ही मागे यावं म्हणून. फसल्याचं नाटक करा आणि आल्या वाटेने परता. फोटोसाठी रेंगाळलात तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजत असतात.

गाणारा पक्षी म्हणतात, पण शिंप्याचं गाणं कुठे गोड आहे?

नाहीच. "टुविट-टुविट-टुविट" हा आवाज एवढ्याशा देहातून इतका मोठा येतो की नव्या माणसाला तो खारीचा वाटतो. पण पक्षीशास्त्रात गाणारा म्हणजे गोड गाणारा नव्हे. स्वरयंत्राची खास स्नायूंनी नटलेली रचना असलेला आणि आपलं गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकणारा, असा तो गट आहे. शिंपी त्यात येतो, दयाळ येतो, आणि धक्का बसेल, पण कावळाही येतो. कोकीळ येत नाही! इतक्या कवितांनंतर ही बातमी द्यायला मलाही जड जातं.

शेकाट्याचा आवाज उपजत, शिकवणीशिवायचा. त्याला सूर नको, इशारा हवा. उघड्या खाजणावर तो सगळ्यात आधी ओरडतो आणि बाकीचे पक्षी त्याच्या भरवशावर उडतात. शिंप्याला मात्र दाट पाल्यात स्वतः न दिसता आपली हद्द सांगायची असते, म्हणून तोच तोच सूर तासभर.

बघायला कुठे आणि कधी जायचं?

शिंप्यासाठी कुठेही जाऊ नका, खिडकी उघडा. ठाण्यात कचराळी तलावाभोवतीची झुडपं, येऊरचा पायथा, नवी मुंबईत कुठलीही बाग चालेल. तो वर्षभर इथेच असतो.

शेकाट्याही बाराही महिने दिसतो, पण हिवाळ्यात संख्या वाढते. सीवूड्सचा टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागचा खाडीकाठ, नेरुळचा डीपीएस तलाव, ऐरोलीचा किनारा या माझ्या जागा. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोटही निघते. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी विचारून जा. ठाणे खाडीचा 1,690 हेक्टरचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नाव फ्लेमिंगोचं असलं तरी आत राहणारे भाडेकरू बरेच आहेत.

वेळेचं गणित मात्र घड्याळात नाही, पंचांगात आहे. सारसोळ्याच्या एका मासेमारी करणाऱ्या काकांनी मला ते शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीच्या आतल्या टोकाला थोडं मागेपुढे होतं, पण फेरी ठरवायला पुरतं. पूर्ण ओहोटीला पक्षी पार लांब चिखलात पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके. भरती चढताना पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. तेव्हा भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा. त्रयोदशीचा किंवा चतुर्दशीचा रविवार आला की सकाळी साडेसातला निघायचं, हा आमचा शिरस्ता. अष्टमीच्या सकाळी मात्र अंथरुणातच पडून राहा. पाणी उतरतं असतं आणि पक्षी लांब निघालेले असतात.

शिंप्याला तिथी लागत नाही.

ते तांबड्या पायांचे पक्षी म्हणजे फ्लेमिंगोची पिल्लं ना?

नाही. हा प्रश्न दर आठवड्याला येतो. फ्लेमिंगोची पिल्लं राखाडी असतात आणि चोच वाकडी. शेकाट्या शेजारी उभा राहिला तर फ्लेमिंगोच्या निम्म्यावरही येत नाही.

शेकाट्या नाल्याच्या घाण पाण्यातही दिसतो. म्हणजे त्याला प्रदूषण चालतं?

चालतं असं म्हणणं म्हणजे रस्त्यावर जेवणाऱ्याला धूळ आवडते असं म्हणणं. सांडपाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि बरेचसे जलचर तिथे मरतात. पण एका जातीच्या चिलटांच्या लाल अळ्या तगतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, तोच त्यांचा लाल रंग. स्पर्धा नाही म्हणून त्या बेसुमार वाढतात आणि शेकाट्याला आयतं ताट मिळतं.

त्याला खरी अडचण होते पाण्याच्या खोलीची. त्याचे पाय ठरावीक लांबीचे आहेत. पाणी पोटापर्यंत आलं की त्याचं दुकान बंद, आणि सुकलं तरी बंद. डेब्रिजचा भराव पडला किंवा भरतीचं पाणी आत येणारी मोरी बुजली की पाणथळ नकाशावर तशीच दिसते, पण वीतभर उथळ पाण्याची पट्टी संपलेली असते. शिंप्याला एक झुडूप गेलं तर पलीकडचं मिळतं. शेकाट्याला दुसरी खाडी कोण देणार?

बाल्कनीत शिंप्याने घरटं केलंय. काय करू?

शक्यतो काहीच नाही. शिवण, उबवण, पिल्लं मिळून महिनाभराचा पाहुणा आहे. कुंडी हलवू नका, त्या फांदीला कात्री लावू नका, पाणी बुंध्याशी घाला, कीटकनाशक फवारू नका. शिवण चालू असताना वाकून वाकून बघू नका, कारण त्या टप्प्यात तो घरटं सहज सोडून देतो. पिल्लं झाली की मग मात्र चिकटून राहतो.

आमच्याकडे एकदा जूनमध्ये पावसाळ्याआधीची छाटणी झाली आणि जास्वंदीच्या कुंपणातलं घरटं पाल्यासकट कचऱ्याच्या गाडीत गेलं. माळीदादांचा दोष नव्हता, मुडपलेलं पान त्यांना कसं कळणार? जून ते ऑगस्ट हा शिंप्याच्या विणीचा ऐन मोसम आहे. तेव्हापासून आम्ही कुंपणाची छाटणी फेब्रुवारीत उरकतो.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?

पिसं असतील तर ते उडायला शिकतंय. मांजर हाकला, उचलून जवळच्या झुडपात ठेवा, लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकते ही समजूत खोटी आहे. शेकाट्याचं पिल्लू एकटं फिरताना दिसलं तर हातही लावू नका. त्याचं ते नेहमीचंच फिरणं आहे.

दाणे घातले तर येतील का?

कबुतरं येतील. हे दोघंही किडेखाऊ आहेत.

पाळता येईल?

नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि शिंपी तसाही फुकट राहायला येतोच.

दोघं एकाच जागी दिसतील अशी जागा आहे का?

आहे. खाडीकाठी जिथे तिवरांची रांग संपून चिखल सुरू होतो, तिथे उभे राहा. तोंड पाण्याकडे केलंत तर शेकाट्या, पाठीशी झुडपात शिंपी. गेल्या फेरीत काकूंनी दुर्बीण शेकाट्यावर लावली होती. तो पाय दुमडत खाली बसत होता, आणि त्याच वेळी मागे टुविट-टुविट सुरू झालं. डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच त्या म्हणाल्या, "आला वाटतं आमचा टेलर."